विमान शिकताना पंखा वाचवायचा कसा? तीन महिन्यांत अकरा तुटले

कर्वेनगरकर

नमस्कार मंडळी. गेल्या तीन महिन्यांपासून मी रेडिओ-नियंत्रित विमान उडवायला शिकत आहे आणि या काळात माझे अकरा पंखे तुटले आहेत. पंखा म्हणजे नाकावर फिरणारा प्रोपेलर. विमानाचे पंख अजून शाबूत आहेत. हा खुलासा घरी दर रविवारी करावा लागतो, कारण "आज पुन्हा पंखा तुटला" असे म्हटले की आई आधी छताकडे पाहते.

विमान फोमचे आहे, पंखांचा विस्तार साधारण १.२ मीटर आणि बॅटरीसह वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. १००० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे) २२१२ आकाराची मोटर, तिचा वेग सांभाळणारा ३० अँपिअरचा ईएससी, तीन सेलची २२०० एमएएच लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी आणि १० बाय ४.५ चा (व्यास १० इंच, पात्याचा पीळ म्हणजे पिच ४.५ इंच) प्लास्टिकचा पंखा अशी नेहमीची जुळणी आहे. विमान तीन चॅनेलचे आहे, म्हणजे थ्रॉटल (मोटरचा जोर), एलेव्हेटर (नाक वर-खाली) आणि रडर (शेपटीवरचे सुकाणू); विमान कलवणारे, पंखांवरचे एलेरॉन नाहीत. चाके लावलेली नाहीत. हातातून सोडतो आणि पोटावर उतरवतो.

पौड रस्त्याने मुळशीच्या बाजूला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या खाचरात, भाताची कापणी झाल्यापासून, दर रविवारी सकाळी जातो. हवेत असताना आता फारशी भीती वाटत नाही. मोठी गोल वळणे आणि इंग्रजी आठाचा आकार मी बऱ्यापैकी काढतो. घोटाळा होतो तो उतरताना. विमान सरळ रेषेत खाली येत असते, सगळे ठीक वाटत असते, आणि शेवटच्या दहा-पंधरा मीटरमध्ये ते एका बाजूला कलते, मी ते सावरतो, आणि "टक्" असा आवाज येतो. तो आवाज आता ओळखीचा झाला आहे. फोमला ओरखडाही नसतो आणि पंखा मात्र गेलेला असतो.

मला विचारायचे आहे ते असे, की अधिक मजबूत पंखा घ्यावा, की रबरी कडीवर बसणारा प्रॉप सेव्हर लावावा, की चाके बसवावीत, की सरळ मागे पंखा असलेले विमान घ्यावे? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

चहाबाज

अकरा म्हणजे काहीच नाही. मी पहिल्या वर्षी मोजणेच सोडून दिले होते. हे प्लास्टिकचे पंखे एका मिसळीच्या किमतीत जोडीने मिळतात. दोन डझन एकदम घेऊन ठेवा आणि उडवत राहा. शिकवणीची फी समजा. पंखा वाचवण्याच्या नादात माणूस उडवायचे सोडून जमिनीवरच खेळ करत बसतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

जुना लेथवाला

चहाबाज यांचे म्हणणे खर्चापुरते मान्य आहे, पण फी भरूनही धडा समजला नसेल तर ती फी वाया जाते. तुटलेला पंखा हा पुरावा असतो आणि तो लोक कचऱ्यात टाकतात, याचे मला नेहमी वाईट वाटते. आमच्या ग्लो इंजिनच्या, म्हणजे विमानाच्या लहान इंधन-इंजिनच्या काळात, मिथेनॉल आणि एरंडेल तेलाच्या वासात दिवस घालवणारे आम्ही लोक, लाकडी पंखा तुटला की आधी तो कुठून तुटला हे पाहत असू आणि मगच नवीन चढवत असू.

कर्वेनगरकर, आपण तुटलेले पंखे ठेवले आहेत का? असतील तर प्रत्येक पंख्याची एकच पाती तुटली आहे की दोन्ही, आणि तुटली ती टोकाजवळ की मध्याजवळ, एवढे पाहून इथे लिहा. मजबूत पंखा, रबरी कडी, चाके या सगळ्याचा विचार त्यानंतर करू.

धायरीची आई

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि त्यालाही हाच छंद लागला आहे, म्हणून धागा वाचत आहे. पंखे तुटण्याचे मला फार वाटत नाही, बोटांचे वाटते. तो अभ्यासाच्या टेबलावर विमान ठेवून मोटर चालवून पाहतो. यात काय काळजी घ्यावी, हे कोणी सांगेल का?

हवाई विद्यार्थी

काकू, हे आधी सांगतो, कारण ते जास्त महत्त्वाचे आहे. टेबलावर, घरात, गच्चीवर, कुठेही मोटर तपासायची असेल तर पंखा काढूनच तपासावी, याला अपवाद नाही. सर्व्हो (रडर-एलेव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटरी) कोणत्या दिशेने फिरतात ते पाहणे, ईएससीला थ्रॉटलच्या दोन्ही टोकांची ओळख करून देणे, ट्रान्समीटर (हातातला रिमोट) बंद केल्यावर मोटर आपोआप थांबते का ते पाहणे, ही सगळी कामे पंख्याशिवाय होतात. ट्रान्समीटर आधी सुरू करायचा आणि विमानाची बॅटरी त्यानंतर जोडायची. थांबवताना बॅटरी आधी काढायची आणि ट्रान्समीटर शेवटी बंद करायचा.

दहा इंची पंखा मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर त्याचे टोक सेकंदाला सुमारे ८० मीटर, म्हणजे ताशी २८५ किलोमीटरच्या पुढे धावत असते. एका फेऱ्यात टोक जवळपास ८० सेंटिमीटर जाते आणि सेकंदाला १०० फेरे होतात, एवढाच हिशोब आहे. म्हणून मैदानावरही बॅटरी जोडल्यानंतर पंख्याच्या समोर किंवा त्याच्या फिरण्याच्या पातळीत कोणी उभे राहू नये. विमानाच्या मागे राहावे.

धायरीची आई

धन्यवाद. पंखा काढून डब्यात ठेवला आहे. यापुढे टेबलावर मोटर चालवायची असेल तर डबा आधी मला दाखवायचा, असे ठरले आहे.

कर्वेनगरकर

लेथवाला काका, आपल्या प्रश्नामुळे काल रात्री जेवणानंतर जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सगळे पंखे मांडले. सुदैवाने पिशवीत तसेच पडून होते, कारण टाकून द्यायला मन होत नव्हते. अकरापैकी सात पंख्यांची दोन्ही पाती तुटलेली आहेत, आणि तीही मधल्या भोकापासून दोन-तीन बोटांवर. तीन पंख्यांचे एकच पाते टोकाकडून गेले आहे, दुसरे अगदी नवे दिसते. उरलेला एक तुटलेला नाही, पण मध्याजवळ केसासारखी चीर आहे. तो मी फेव्हिक्विकने चिकटवून पुन्हा वापरणार होतो.

जुना लेथवाला

तो चिकटवलेला पंखा वापरू नका, हे पहिले. मध्याजवळ चीर गेलेला पंखा फिरताना फुटला तर त्याचे पाते कुठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही. शिवाय एक पाते गेले की उरलेल्या पात्याच्या असमतोलाने मोटर आपल्या बैठकीतून उखडून येऊ शकते. त्याचे कात्रीने दोन तुकडे करून टाका, म्हणजे पुन्हा मोह होणार नाही.

आता बाकीच्यांविषयी. पंखा थांबलेला असेल किंवा वाऱ्याने नुसता हळू फिरत असेल, तर जमिनीला लागते ते खाली आलेले एक पाते. दुसरे वर सुरक्षित राहते. मोटर जोर लावत असेल, तर पहिले पाते आपटून तुटल्यावर मोटर लगेच दुसरे पाते खाली आणून तेही आपटते. म्हणून दोन्ही पाती, आणि तीही मुळाजवळून तुटलेली असणे, याचा अर्थ एकच: विमान जमिनीला टेकले त्या क्षणी मोटर चालू होती. आपल्या अकरापैकी सात वेळा असे झाले आहे.

आपण म्हणाल की मी तर थ्रॉटल खाली घेतो. घेत असालच. पण टेकण्यापूर्वी तो पुन्हा वर गेला आहे, कारण हे पंखे तसे सांगतात. म्हणून पुढचा प्रश्न: आपला रडर कोणत्या स्टिकवर आहे?

कर्वेनगरकर

डाव्या. ट्रान्समीटर मोड २ चा आहे, म्हणजे डाव्या स्टिकवर थ्रॉटल आणि रडर, उजव्यावर एलेव्हेटर आणि एलेरॉन. एलेरॉन नसल्याने उजवी स्टिक फक्त पुढे-मागे हलते. जोडणीच्या माहितीपत्रकात रिसीव्हरचा (विमानातल्या, संदेश घेणाऱ्या डबीचा) चौथा चॅनेल रडरचा, असे लिहिले होते, म्हणून तिथेच तार खोचली.

जुना लेथवाला

मला हीच शंका होती.

आता घरी बसून, बॅटरी न जोडता, एक गोष्ट करून पाहा. डाव्या स्टिकवर अंगठा ठेवा, थ्रॉटल पूर्ण खाली आणा, आणि विमान डावीकडे कलले आहे अशी कल्पना करून अंगठा झटकन उजवीकडे न्या. अंगठ्याचे टोक सरळ आडव्या रेषेत जात नाही. अंगठा आपल्या मुळाच्या सांध्याभोवती फिरतो, त्यामुळे तो कमान काढतो. गडबडीत असताना ती कमान वर चढते आणि थ्रॉटल तिच्यासोबत वर जातो. आपण पहिल्या लेखात लिहिले आहे की शेवटच्या दहा-पंधरा मीटरमध्ये विमान कलते आणि आपण ते सावरता. सावरता त्याच क्षणी मोटरला पाव किंवा अर्धा जोर मिळतो. तेवढा जोर पंखा तुटायला पुरेसा आहे.

उपाय फुकट आहे. रडरच्या सर्व्होची तार रिसीव्हरच्या चौथ्या चॅनेलमधून काढून पहिल्या चॅनेलमध्ये, म्हणजे एलेरॉनच्या जागी लावा. मग वळणे आणि नाक वर-खाली करणे ही दोन्ही कामे उजव्या हाताकडे येतील आणि डाव्या अंगठ्याकडे थ्रॉटलशिवाय दुसरे कामच उरणार नाही. तार बदलल्यावर रडर उलट फिरत नाही ना, हे मागे उभे राहून तपासा: स्टिक उजवीकडे नेली की रडरची मागची कड उजवीकडे गेली पाहिजे. उलट जात असेल तर ट्रान्समीटरमध्ये त्या चॅनेलची दिशा बदलता येते. पुढे चार चॅनेलचे विमान घ्याल तेव्हाही वळायची सवय उजव्याच हाताला लागलेली असेल, कारण तिथे एलेरॉन असतील.

चहाबाज

काकांचा हा तर्क मला सुचला नव्हता हे कबूल करतो. तरी दोन डझन पंखे घ्याच.

मावळातला वारा

थ्रॉटलचे ठीक आहे, पण जमिनीविषयी कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. मी त्याच भागातला आहे आणि कापणीनंतरचे खाचर पायाखाली कसे असते ते मला माहीत आहे. भात विळ्याने कापला की वीतभर धसकटे उभी राहतात, ती वाळली की काडीसारखी कडक होतात, आणि खालची माती सुकून भेगाळते. पोटावर उतरणारे विमान या धसकटांवरून घसरत नाही, अडखळते. त्यात खाचर लहान आणि चारी बाजूंनी बांध. विमान जरा लांब गेले की बांधाला नाक लागते, आणि बांधाला लागले तर दोन पाती काय, मोटरचा दांडाही वाकतो. २२१२ मोटरचा दांडा जेमतेम ३.२ मिलिमीटरचा असतो. तो वाकलेला लक्षात आला नाही तर नवीन पंखाही थरथरतो आणि माणसाला वाटते की पंखाच खराब आहे.

माझा सल्ला असा आहे की उतरण्यासाठी माळरान किंवा गुरे चरून गेलेले बुटके गवत शोधावे. खाचरातच उतरायचे असेल तर उडवण्यापूर्वी वीस-पंचवीस पावलांचा एक पट्टा पायांनी तुडवून घ्यावा. धसकटे आडवी झाली की पुष्कळ फरक पडतो.

वाऱ्याचेही पाहावे. हिवाळ्यात सकाळी नऊपर्यंत आपल्याकडे हवा बहुधा शांत असते. नंतर ऊन चढले की जमिनीवरून झुळका उठू लागतात. उतरताना विमान वाऱ्याच्या तोंडी आले पाहिजे, कारण मग जमिनीच्या हिशोबात त्याचा वेग वाऱ्याच्या वेगाएवढा कमी होतो. पाठीमागून वारा घेऊन उतरलात तर तेवढाच तो वाढतो. ट्रान्समीटरच्या अँटेनाला लोकरीचा एक धागा बांधावा, म्हणजे मान वर न करता वारा कळतो.

हवाई विद्यार्थी

कर्वेनगरकर दादांच्या उरलेल्या तीन पंख्यांविषयी, म्हणजे ज्यांचे एकच पाते गेले, थोडे लिहितो. आम्ही महाविद्यालयात स्पर्धेसाठी विमाने बनवतो आणि पहिल्या वर्षाची मुले पंखे तोडतात ती बहुतेक याच कारणाने.

मोटर बंद करून विमान तरंगत येत असते, ठरवलेली जागा अजून पुढे असते, आणि विमान तिथपर्यंत पोहोचावे म्हणून माणूस एलेव्हेटर ओढत राहतो. नाक वर येते, वेग कमी होतो, आणि पंख हवेला सामोरा जाण्याचा कोन साधारण पंधरा अंशांच्या पुढे गेला की पंखावरून वाहणारी हवा त्याला धरून राहत नाही आणि उचल एकदम कमी होते. मग नाक आपोआप खाली पडते. हे तीस मीटरवर झाले तर विमान वेग घेऊन सावरते. दोन मीटरवर झाले तर नाक थेट मातीत जाते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की विमान हळू येत होते, मग पंखा का तुटला. हळू येत होते म्हणूनच तुटला.

याचा सराव उंचीवर करायचा असतो. शंभर-सव्वाशे फुटांवर थ्रॉटल शून्य करा आणि एलेव्हेटर अगदी सावकाश ओढत जा. नाक कोणत्या क्षणी पडते, पडण्यापूर्वी विमान कसे डळमळते, हे डोळ्यांत साठवा. पाच-सहा वेळा केले की तो क्षण आधीच कळू लागतो. गुरुत्वमध्यही तपासा. साध्या शिकाऊ विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांच्या दरम्यान असावा. दोन बोटांवर विमान उचलून पाहिले की कळते. शेपूट जड असेल तर वर सांगितलेला प्रकार फार लवकर घडतो.

दुसरे म्हणजे विमान आपल्याकडे तोंड करून येत असताना डावे-उजवे उलटे होते, आणि उतरताना ते बहुधा आपल्याकडेच येत असते. यावर जुनी युक्ती आहे: जो पंख खाली झुकला असेल त्याच बाजूला स्टिक न्यायची, जणू त्या पंखाला खालून टेकू देत आहोत. विचार न करता हे हातात बसायला सिम्युलेटर उत्तम. पिकासिमसारखा फुकट मिळणारा सिम्युलेटर आहे, आणि बहुतेक ट्रान्समीटर केबलने संगणकाला जोडता येतात. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत अशी केबल शोधली तर मिळते. सिम्युलेटरमध्ये उडत बसू नका. रोज फक्त वीस वेळा उतरवा.

मावळातला वारा

वर उंचीचा विषय निघाला म्हणून एक वाक्य. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रातही, म्हणजे जिथे उडवायला परवानगी लागत नाही तिथेही, ४०० फुटांची मर्यादा आहे, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फूट आहे, आणि पुण्यात लोहगावचा विमानतळ व खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी दोन्ही असल्याने जागा ठरवण्यापूर्वी सरकारचा ड्रोन क्षेत्रांचा ऑनलाइन नकाशा पाहावाच. सरावाला १२५ फूट पुरतात.

चहाबाज

आता मूळ प्रश्नांचीही उत्तरे देऊ या. बिचाऱ्याने चार विचारले होते आणि आपण पाचव्याचेच उत्तर देत बसलो आहोत.

प्रॉप सेव्हर मी दोन वर्षे वापरला. मोटरच्या दांड्यावर एक लहान धातूची बैठक बसते, तिला दोन बाजूंना दोन स्क्रू असतात आणि पंखा त्या स्क्रूंना अडकवलेल्या रबरी कडीने दाबून धरलेला असतो. जमिनीला लागला की पंखा तुटण्याऐवजी कलंडतो किंवा निघून बाजूला पडतो. हलक्या विमानाला आणि मंद फिरणाऱ्या पंख्याला तो उत्तम आहे. पण उन्हात ती कडी कडक होते, तिला बारीक तडे जातात, आणि मग ती हवेतच तुटते. माझा एक पंखा असाच ज्वारीच्या शेतात गेला तो आजतागायत सापडलेला नाही. दर दोन-तीन रविवारी कडी बदलावी आणि खिशात चार जास्तीच्या ठेवाव्यात.

मागे पंखा असलेले विमान शिकायला खरोखर चांगले आहे. पंखा पंखाच्या वर आणि मागे असतो, पोट आधी टेकते, पंखा जमिनीला लागतच नाही. त्याचे दोन तोटे मात्र दुकानदार सांगत नाहीत. मोटर उंचावर असल्याने एकदम थ्रॉटल दिला की नाक खाली दाबले जाते, आणि हातातून सोडताना पंखा आपल्या मनगटाच्या मागे असतो. म्हणून आधी फेकायचे, हात पूर्ण मोकळा झाल्यावरच थ्रॉटल द्यायचा.

जुना लेथवाला

प्रॉप सेव्हरबद्दल चहाबाज यांच्याशी सहमत आहे, पण आपल्या मित्राच्या मोटरला आणि १० बाय ४.५ च्या पंख्याला मी तो सुचवणार नाही. तिथे जोर जास्त आहे.

मजबूत पंख्याविषयी माझे मत थोडे उलटे आहे. पंखा हा विमानातील सर्वांत स्वस्त भाग आहे, आणि तुटण्याचे काम त्यानेच करावे. कार्बनचा पंखा तुटला नाही तर तो धक्का मोटरच्या दांड्याला, बैठकीला आणि नाकाच्या फोमला जातो. ग्लो इंजिनवर आम्ही लाकडी पंखा पसंत करत असू तो याच कारणाने: लाकूड स्वच्छ तुटते आणि इंजिनचा क्रँकशाफ्ट वाचतो. लाकडी पंखा असलेल्यांसाठी एवढेच सांगतो की दमट हवेत लाकूड फुगते आणि कोरड्यात आकसते, त्यामुळे नट दर वेळी घट्ट करून पाहावा. नायलॉनचा पंखा असेल तर जुनी मंडळी तो पाण्यात उकळून घेत, कारण नायलॉन पाणी शोषते आणि चिवट होते. हे फक्त नायलॉनला लागू आहे; आपल्या स्वस्त प्लास्टिकच्या पंख्यावर हा प्रयोग केला तर पाती वाकडी होतील.

पंखा दिसायला सारखा असला तरी त्याची मर्यादा सारखी नसते, हेही ध्यानात ठेवावे. उदाहरणार्थ, एपीसी कंपनी आपल्या स्लो फ्लायर प्रकारच्या पंख्यांना ६५,००० भागिले इंचांतील व्यास एवढे फेरे देते, म्हणजे दहा इंची पंख्याला मिनिटाला ६५००. पातळ पात्यांचा पंखा त्यापुढे पळवला तर जमिनीची गरज नाही, तो हवेतच तुटू शकतो.

पंखा उलटा बसवलेला नाही ना, हेही पाहावे. पात्यावर छापलेले आकडे विमानाच्या पुढच्या दिशेला हवेत, मग पंखा नाकावर असो की मागे. उलटा बसवला तर विमान उडते, पण रडतखडत उडते, माणूस थ्रॉटल जास्त देतो आणि तसाच उतरतो.

चाकांविषयी एकाच ओळीत सांगतो: धसकटांत चाके लावू नका. चाक अडकते, विमान नाकावर पालथे होते आणि पंखा हमखास जातो.

हवाई विद्यार्थी

काका, ईएससीचा ब्रेक लावावा का? लावला तर थ्रॉटल शून्यावर पंखा थांबतो, आणि न लावला तर तो वाऱ्याने फिरत राहतो.

जुना लेथवाला

घडीचा पंखा असेल तर ब्रेक लावावाच, कारण पंखा थांबल्याशिवाय पाती मागे मिटत नाहीत. आणि मिटली की पोटावर उतरताना चिंताच उरत नाही. सरळ पंख्याला ब्रेक लावला तर तो कुठल्या स्थितीत थांबेल हे आपल्या हातात नसते. आडवा थांबला तर उत्तम, उभा थांबला तर खालचे पाते नांगरासारखे मातीत शिरते. ग्लो इंजिनला ही सोय होती: दट्ट्या दाबावर येतो त्या जागी पंखा आडवा येईल असा बसवायचा, म्हणजे इंजिन बंद पडल्यावर तो बहुतेक वेळा आडवाच राही. विजेच्या मोटरला तसा दाब नाही. म्हणून शिकाऊ माणसाने ब्रेक न लावता उतरावे. मोकळा पंखा जमिनीला लागला तर निदान फिरून वाट काढतो.

आणि उतरण्याची पद्धत अशी ठेवा. विमान पुरुषभर उंचीवर आले की थ्रॉटल पूर्ण शून्य करायचा आणि डावा अंगठा स्टिकवरून उचलून ट्रान्समीटरच्या कडेवर ठेवायचा. उचलायचाच. स्टिकवर अंगठा नसला तर थ्रॉटल वर जाणार कसा? पुढे जे होईल ते उजव्या हाताने. चुकून लांब गेले तर जाऊ द्या, चालत जाऊन आणा.

कर्वेनगरकर

काल जाऊन आलो. आधी मुलीला मोबाइल देऊन माझ्या विमानाचे नव्हे, माझ्या हातांचे चित्रण करायला सांगितले, आणि जुन्या जोडणीनेच एक फेरी उडवली. उतरल्यावर लगेच ते चित्रण संथ गतीने पाहिले. विमान कलते, मी दचकतो, आणि डावा अंगठा उजवीकडे जाता जाता नखभर वर सरकतो. नखभरच. मला त्याचा पत्ताही नव्हता. मला शपथेवर विचारले असते तरी मी "थ्रॉटल शून्यच होता" असे सांगितले असते. त्या फेरीत बारावा पंखा गेला, दोन्ही पाती मुळापासून.

मग तिथेच, गाडीच्या बॉनेटवर विमान ठेवून, पंखा न चढवता रडरची तार पहिल्या चॅनेलमध्ये लावली. काकांनी सांगितले होते तसा रडर उलटा फिरत होता; दिशा बदलली. पट्टा तुडवून घेतला, त्यात बूट आणि पायजम्याला कुसळे चिकटली ती आई अजून काढत आहे. त्यानंतर तीन बॅटऱ्यांमध्ये नऊ वेळा उतरलो. पहिल्या तीन वेळा अंगठा उचलायचे विसरलो, मुलगी मागून "बाबा, अंगठा" असे ओरडत होती. दोनदा पट्ट्याच्या पलीकडे धसकटांत गेलो. पंखा नऊही वेळा तोच होता. शेवटच्या वेळी काढून पाहिला तेव्हा एका टोकाला पांढरी रेघ दिसली, प्लास्टिक वाकून परत सरळ झाल्यावर येते तशी. तो आता वापरावा का?

जुना लेथवाला

वापरू नका. पांढरी रेघ म्हणजे तिथे प्लास्टिक थकले आहे. पुढचा धक्का लागला नाही तरी ते त्याच रेघेवर तुटेल. नवीन चढवण्यापूर्वी तो एका बारीक सळईवर आडवा टांगून पाहा. एक पाते सतत खाली जात असेल तर हलक्या पात्याच्या मागच्या बाजूला सेलोटेपचा छोटा तुकडा लावा आणि दोन्ही पाती समतोल होईपर्यंत तो कमी-जास्त करा.

पुढच्या रविवारी मी त्या बाजूला येणार आहे. साडेसहाला पौडच्या अलीकडे चहाच्या टपरीवर भेटू. मुलीलाही आणा, आणि चाके आणू नका.

कर्वेनगरकर

येतो. तिचा निरोप आहे की एक बॅटरी तिच्यासाठी राखून ठेवावी.

चहाबाज

मग दोन डझन घ्याच.